उन्हाळा कुणाच्या बापाचा?

(अभियांत्रिकीच्या मुलींच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द होते तसेच ठेवले आहेत.)

पोरींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिलेल्या मित्रांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय : 'पदवीच्या मुलींसाठी संगणक सुरक्षेतील उन्हाळी संशोधनाच्या संधी'. हा 'संधी' शब्द मला खटकतो. संधी म्हटलं की वर कुणीतरी तांब्या घेऊन उभा आहे आणि आपण खाली ओंजळ धरून उभ्या आहोत, असं डोळ्यापुढं येतं. वरून पाणी ओतायची ही रीत आपल्या आज्यांनी पुष्कळ पाहिली. म्हणून आज मी संधी वाटायला आलेली नाही. ही जागा काय आहे, तिथं कोण बसलंय, आपण का बसलं पाहिजे आणि बसायचं कसं, एवढंच सांगणार आहे. सरळ सांगणार आहे. टाळ्या नंतर वाजवा, आधी लिहून घ्या.

आधी गोष्ट काय आहे ते समजून घेऊ. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की मे, जून, जुलै असे आठ-दहा आठवडे मोकळे मिळतात. या दिवसांत देशातल्या मोठ्या संस्था बाहेरच्या कॉलेजातली पोरं आपल्या प्रयोगशाळेत घेतात. एक प्राध्यापक, त्याचे दोन-चार संशोधक विद्यार्थी, एक टेबल, एक संगणक आणि एक प्रश्न. पहिले दोन आठवडे वाचण्यात जातात. दुसऱ्यांनी काय केलं ते वाचायचं, त्यांनी केलेलं आपल्या यंत्रावर पुन्हा करून बघायचं. ते बहुधा चालत नाही. का चालत नाही हे शोधण्यात आणखी एक आठवडा जातो. मग मोजमाप सुरू होतं. शेवटच्या आठवड्यात चार पानं लिहायची आणि लोकांसमोर उभं राहून सांगायचं : मी हे विचारलं, हे सापडलं, हे सापडलं नाही.

आता सुरक्षा म्हणजे काय? सिनेमातला तो अंधाऱ्या खोलीतला टोपीवाला पोरगा डोक्यातून काढून टाका. सुरक्षेचं संशोधन म्हणजे बहुतेक वेळ धीरानं केलेली तपासणी. प्रोग्रॅमला मुद्दाम वेडंवाकडं खाद्य द्यायचं आणि तो कुठं कोसळतो ते नोंदवायचं. मोबाइलमधलं ॲप तुमच्याकडून काय काय मागतं आणि कुठं पाठवतं ते बघायचं. जप्त केलेल्या डिस्कवर कुठली फाइल केव्हा, कुणाच्या हातानं आली त्याचा माग काढायचा. पासवर्ड, ओटीपी ही भानगड म्हाताऱ्या बाईला जमते का, नाही जमली तर ती कुणाच्या हातात फोन देते, हेसुद्धा सुरक्षेचं संशोधन आहे. यात गणित आहे, यंत्र आहे आणि माणूस आहे. ज्या पोरीनं रेशन दुकानात आईचा अंगठा मशीनवर तीनदा नाकारलेला पाहिलाय, तिला या विषयात विचारायला प्रश्न आहेत. ते प्रश्न पुस्तकात मिळत नाहीत.

आता उन्हाळ्याकडं येऊ.

२००२ साली आयआयटी कानपूरला एक गोष्ट घडली. संख्या मूळ आहे की नाही हे हमखास आणि झटपट ठरवायची रीत शेकडो वर्षं कुणाला सापडली नव्हती. मूळ संख्या हा आजच्या गुप्तलेखनाचा पाया आहे. १९७७ साली तयार झालेली आरएसए ही कुलूपबंदी मोठाल्या मूळ संख्यांवरच उभी आहे. तो प्रश्न मणींद्र अग्रवाल या प्राध्यापकानं आणि नीरज कयाल, नितीन सक्सेना या दोन पोरांनी सोडवला. ती पोरं नुकतीच बी.टेक. झाली होती. पदवीच्या प्रकल्पात हा प्रश्न धरला होता, परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात तिथंच थांबले, ऑगस्टमध्ये उत्तर जगापुढं ठेवलं. २००६ साली त्यांना गोडेल पारितोषिक मिळालं.

ती पोरं हुशार होतीच, त्यात वाद नाही. पण त्यांच्याजवळ हुशारीशिवाय आणखी काही होतं. एक मोकळा उन्हाळा होता. राहायला खोली होती, मेसमध्ये जेवण होतं. दार ठोठावलं तर उघडणारा मास्तर होता. हे काही जगावेगळं मागणं नाही. पण आपल्या वस्तीतल्या किती पोरींकडं हे चार पदार्थ एकाच वेळी असतात? हात वर करा. बघा, मोजायला बोटं उरतात.

आपल्या पोरीचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. लग्नसराई असते. नळाला पाणी येत नाही म्हणून टँकरची रांग असते. आई कामाला जाते म्हणून धाकट्यांचं बघायचं असतं. कुणी शिकवण्या घेते, कुणी मॉलमध्ये उभी राहते, कुणी गावाकडं आजीचं दुखणं काढते. वरून मामा विचारतो, तिसरं वर्ष झालं, आता स्थळं बघायची का? कॉलेजच्या कागदावर सगळ्यांना सारखीच सुट्टी असते. प्रत्यक्षात एकीची सुट्टी तिच्या नावापुढं चार ओळी वाढवते आणि दुसरीची सुट्टी घर खाऊन टाकतं. ऑगस्टमध्ये दोघी एकाच बाकावर येऊन बसतात, आणि प्राध्यापक म्हणतात, हिच्यात 'मेरिट' आहे. मेरिट कसं बनतं हे बघायचं असेल तर परीक्षेचा पेपर बघू नका. उन्हाळा बघा.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत शंभरात सदतीस मुली होत्या. नंतर वाढायच्या ऐवजी त्या घटत गेल्या आणि २०१०च्या सुमारास अठरावर आल्या. काळ पुढं गेला की बायका आपोआप पुढं जातात, हे थोतांड आहे. तिथल्या संशोधक बायकांनी १९९१ साली आपली समिती केली आणि १९९४ पासून एक साधी योजना चालवली : ज्या मुलीच्या कॉलेजात संशोधन नाही तिला उन्हाळ्यात दहा आठवडे दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडं पाठवायचं. पैसे द्यायचे, राहायची सोय करायची. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची केंद्रं चालवली. २००५ साली बर्कलेच्या पुढाकारानं संगणक सुरक्षेचं 'ट्रस्ट' नावाचं मोठं केंद्र निघालं. त्यात स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन, कॉर्नेल होतेच, पण सॅन होजे स्टेटसारखं कामकऱ्यांच्या पोरांचं विद्यापीठही होतं. त्या केंद्रानं पदवीच्या पोरांना उन्हाळ्यात घेतलं आणि बायकांसाठी वेगळी उन्हाळी शाळा चालवली.

यातून आपण काय घ्यायचं? एकच : हे आपोआप झालं नाही. बायकांनी संघटित होऊन करून घेतलं. आणि हेही लिहून घ्या, त्या सरकारी पैशावर फक्त तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी जाऊ शकतात. इंटरनेटवर नाव बघून अर्ज भरत बसू नका, दिवस वाया जातील.

आता कुणी म्हणेल, बाई, पोटापाण्याचं सोडून हे सुरक्षेचं खूळ कशाला? नोकरी लागली म्हणजे झालं. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली. १९९७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. नावं काढलीत, काळजी नको, असं सांगितलं गेलं. लताण्या स्वीनी ही काळी मुलगी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिनं वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टी जुळवल्या आणि राज्याच्या गव्हर्नरच्याच दवाखान्याच्या नोंदी हुडकून काढल्या. पुढं तिनं दाखवलं की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली शंभरातली सत्त्याऐंशी माणसं एकेकटी ओळखता येतील. २००१ साली एमआयटीतून संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी ती पहिली काळी बाई ठरली. २०१३ साली तिनं आणखी एक गोष्ट उघड केली : इंटरनेटवर काळ्यांची वाटणारी नावं शोधली की 'याला अटक झाली होती का' अशा थाटाच्या जाहिराती जास्त येतात. हा प्रश्न गोऱ्या प्राध्यापकाला का सुचला नाही? त्याचं नाव शोधल्यावर तसली जाहिरात येत नव्हती म्हणून.

आता स्वतःकडं बघा. तुमच्यापैकी प्रत्येकीनं शिष्यवृत्तीसाठी काय काय भरलंय? जातीचा दाखला, बापाचं उत्पन्न, आधार, बँकेचं खातं, मोबाइल नंबर, पत्ता. ज्याला काही मागायचं नसतं त्याला काही दाखवावं लागत नाही. ज्याला मागावं लागतं त्याला सगळं उघडं करावं लागतं. या देशात सरकारच्या संगणकात सगळ्यात जास्त उघडा गरीब आहे, आणि गरिबांतही दलित, आदिवासी, विधवा, अपंग. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदाही झाला, आणि त्यात सरकारी लाभ देण्यासाठी माहिती वापरताना सरकारला मोकळीकही ठेवली. मग आपली माहिती कुणाच्या कपाटात आहे, कुलूप कसलं आहे, किल्ली किती जणांकडं आहे, हे तपासणार कोण? ज्यांची माहिती त्यात नाही ते?

दुसरी. जॉय बुओलाम्विनी, हीसुद्धा काळी मुलगी, एमआयटीत शिकत होती. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर बसली की यंत्राला तिचा चेहराच दिसेना. तिनं टिमनिट गेब्रू हिच्याबरोबर २०१८ साली तीन कंपन्यांची यंत्रं तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत यंत्र शंभरात जास्तीत जास्त एकदा, नेमकं सांगायचं तर ०.८ टक्के चुकत होतं. काळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्र जात-वर्ण पाळत नाही म्हणणाऱ्यांना हे आकडे पाठ करून ऐकवा.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली आहे. भीमा कोरेगावच्या प्रकरणात माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. आरोपाचा मोठा भाग संगणकात सापडलेल्या पत्रांवर उभा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तिनं रोना विल्सन यांच्या डिस्कची प्रत तपासली होती. अहवाल म्हणतो, कुणीतरी परक्यानं बावीस महिन्यांवर त्या संगणकात घर केलं होतं, 'नेटवायर' नावाचा चोरटा प्रोग्रॅम आत घातला होता, आणि महत्त्वाची दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली होती. ती पत्रं विल्सन यांनी कधी उघडल्याची खूण डिस्कवर नाही. त्याच वर्षी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तसाच अहवाल आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनी लिहिलं की हे हल्ले करणारी टोळी निदान दहा वर्षं भारतातले कार्यकर्ते, वकील, पत्रकार यांच्या मागावर होती. तपास यंत्रणेनं आर्सेनलचं म्हणणं मान्य केलेलं नाही. निकाल न्यायालय देईल, तो मी देणार नाही.

मी एवढंच विचारते : माणसाचं स्वातंत्र्य एका डिस्कवरच्या तारखांवर टांगलेलं असताना ती डिस्क वाचता येणारी किती माणसं आपल्यात आहेत? आपल्यात कवी आहेत, वकील आहेत, भाषणं ठोकणारे तर गल्लीगल्लीला आहेत. पण फाइल केव्हा तयार झाली आणि कुणी ठेवली, हे पुराव्यानं सांगू शकणारी पोरगी नाही. तिच्यासाठी सातासमुद्रापार जावं लागलं. पूर्वी तलाठ्याच्या चोपडीत काय लिहिलंय ते आपल्या बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून जमीन गेली. आताची चोपडी डिस्कवर आहे.

म्हणून हे खूळ नाही. हे साक्षरतेचंच पुढचं पाऊल आहे.

आता जागा कुठं आहेत ते सांगते.

बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यात अभियांत्रिकीही येतं, आणि छोट्या कॉलेजच्या पोरीला सगळ्यात आधी बघण्यासारखी जागा ही आहे. आयआयटी मद्रासची उन्हाळी फेलोशिप आहे, कानपूरची 'सर्ज' आहे. गांधीनगर, मुंबई, हैदराबाद इथल्या संस्थाही उन्हाळी विद्यार्थी घेतात. सुरक्षेसाठी कानपूरकडं खास लक्ष ठेवा. तिथं सायबर सुरक्षेचं 'सीथ्रीआयहब' हे केंद्र आहे. वीज, पाणी, कारखाने यांच्या यंत्रणा कशा फोडल्या जातात आणि कशा राखायच्या, यावर तिथं काम चालतं. देशाबाहेर जर्मनीत बोखुमला माक्स प्लांक संस्थेनं २०१९ साली सुरक्षा आणि खासगीपणा या विषयाची स्वतंत्र संस्था काढली. ती जगभरच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. अर्जाच्या तारखा पावसाळा संपला की बघायला लागा. अकादमीचा अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशीच भरावा लागतो. एप्रिलमध्ये जागी झालेली पोरगी पुढच्या वर्षाची उमेदवार असते.

आणखी एक फरक ओळखा. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिलनं इंजिनिअर मुलींसाठी 'सायबरशिक्षा' म्हणून अभ्यासक्रम सुरू केला. तसले अभ्यासक्रम नोकरीसाठी उपयोगी आहेत, करायचे तर करा. पण ते प्रशिक्षण आहे. तिथं प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर ठरलेलं. संशोधनात प्रश्न तुमचा असतो. पहारेकरी ठेवण्याइतपत आपल्याला सगळेच ठेवून घेतात. वाड्याच्या नकाशावर बोट ठेवून 'इथं भिंत कच्ची आहे' असं आपण म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

अर्जात दोन अडथळे आहेत. एक शिफारसपत्र, दुसरा प्राध्यापकाला लिहायचं पत्र.

शिफारसपत्राचं राजकारण मला माहीत आहे. मी शिकत होते तेव्हा एका मास्तरांकडं पत्र मागायला गेले. त्यांनी विषय विचारला नाही, गुण विचारले नाहीत. विचारलं, 'ॲडमिशन कुठल्या कोट्यातून?' दुसऱ्या बाईंनी दिलं, दोन ओळींचं, माझं नावही चुकीचं. तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनच एक तरी शिक्षक हेरून ठेवा जो तुमचं काम बघतो. त्याच्या विषयात काहीतरी करून दाखवा, वही पुढं ठेवा. पत्र मागताना तुमच्या कामाचं एक पान लिहून सोबत द्या, म्हणजे त्याला दोन ओळींत गुंडाळता येणार नाही.

आता प्राध्यापकाला लिहायचं पत्र. 'आदरणीय महोदय, मी कष्टाळू विद्यार्थिनी आहे' हे शंभर जणांना एकदम पाठवलेलं पत्र कुणी वाचत नाही. एका माणसाचा एक निबंध वाचा. अर्धा कळला तरी चालेल. लिहा : तुमच्या निबंधातला अमुक प्रयोग मी करून पाहिला, इथपर्यंत आला, इथं अडलं. अर्ध्या पानाच्या वर जाऊ नका. विनवणी करू नका. काम दाखवा.

काम कुठून आणायचं? वस्तीतून आणा. झटपट कर्ज देणारी ॲपं आपल्या बायकांच्या फोनमध्ये आहेत. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावून बदनामी करायची, हा त्यातल्या कित्येकांचा धंदा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढला की अशा ॲपांनी फोनमधली नावांची यादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावू नये. आता तुम्ही तुमच्या स्वतःच्या फोनवर अशी दहा ॲपं घ्या. ती काय काय परवानगी मागतात त्याचा तक्ता करा. ॲपच्या पोटातली परवानग्यांची यादी कशी वाचायची ते आठवड्यात शिकता येतं. दहा ॲपं, एक तक्ता, दोन पानं. हे घेऊन प्राध्यापकाच्या दारात गेलात तर तो तुमच्या कॉलेजचं नाव विचारायचं विसरेल. त्याच्याकडं हुशार पोरं पुष्कळ आहेत. हा प्रश्न घेऊन आलेलं कुणी नाही.

अवजारं महाग आहेत हे कारण सांगू नका. जुन्या, भंगारात निघालेल्या संगणकावर लिनक्स चालतं. जाळ्यातून जाणारी पाकिटं बघायचं वायरशार्क फुकट आहे. प्रोग्रॅम उलगडायचं घिड्रा हे हत्यार अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं २०१९ साली फुकट सोडलं. त्यांचं हत्यार आपल्या हातात यायला हरकत नाही. कार्नेगी मेलनची पिकोसीटीएफ ही कोड्यांची स्पर्धा शाळकरी पोरांसाठी काढलेली आहे, तिथून सुरुवात करा. केरळात अमृता विद्यापीठात नुसत्या मुलींचा 'शक्ती' नावाचा संघ अशा स्पर्धांत उतरतो. इंटरनेटवर एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट आहेत. त्यांची इंग्रजी कळेपर्यंत दोनदा ऐका, त्यात लाज कसली?

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला दरडावून सांगणार आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावायचा नाही. कॉलेजच्या नाही, बँकेच्या नाही, शिष्यवृत्तीच्या तर मुळीच नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. श्रीमंताच्या पोरानं केलं तर त्याला कुतूहल म्हणतात. तुम्ही केलंत तर पहिलं पान आडनावाचं उघडेल. स्वतःच्या यंत्रावर, सरावासाठी बनवलेल्या यंत्रणेवर, किंवा लेखी परवानगी घेऊन काम करा. कुठं भगदाड दिसलंच तर एकटीनं शूरपणा करू नका. मार्गदर्शकाला सांगा, सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला रीतसर कळवा, तारखेसह प्रत जवळ ठेवा. आपल्याला लढाई लढायची आहे, हुतात्मे नकोत.

आता संस्थांकडं वळते, कारण सगळा भार पोरींच्या खांद्यावर टाकून मोकळं व्हायला मी काही कॉर्पोरेट वक्ता नाही.

आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या. शंभरात आठ-नऊ होत्या त्या वीसपर्यंत न्यायच्या म्हणून. बरं झालं. पण 'मुलींसाठी' असं लिहिलेलं दार उघडलं की आत कोण जातं? ज्या मुलीचा बाप प्राध्यापक, जिला इंग्रजी घरात मिळालं, जिच्या घरी स्वयंपाकाला आपल्यातलीच कुणीतरी येते, ती जाते. तीही बाईच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण तिची आणि आपली मोजणी एकाच रकान्यात करून 'महिलांचा सहभाग वाढला' असा ढोल बडवणं, ही लबाडी आहे.

म्हणून मागण्या लिहून घ्या. एक : उन्हाळी संशोधनाच्या प्रत्येक योजनेनं किती अर्ज आले, किती घेतले, त्यात मुली किती, कुठल्या प्रवर्गातल्या, कुठल्या कॉलेजच्या, हे दरवर्षी जाहीर करावं. दोन : विद्यावेतनाचा पहिला हप्ता गाडीचं तिकीट काढायच्या आधी द्यावा. काम संपल्यावर तीन महिन्यांनी येणारे पैसे ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच परवडतात. बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबियाला पाठवताना सयाजीरावांनी नुसती शाबासकी दिली नव्हती. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, असं ठरवून दिलं होतं. तीन : मुलींना आवारातच वसतिगृहात जागा हवी. परक्या शहरात आडनाव सांगून भाड्यानं खोली मिळवणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. चार : गुणांच्या आकड्याबरोबर केलेलं काम बघावं. पाच : २०१३ च्या कायद्यानं नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीचा पत्ता पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलीच्या हातात द्यावा. दोन महिन्यांसाठी आलेल्या पोरीलाही तिथं तक्रार करता येते, हे तिला कुणी सांगत नाही.

आणि चळवळीनं काय करायचं? मित्रांनो, आता तुम्ही सरळ उभे राहा. तुम्ही मोर्चात पुढं असता, बायकांच्या मुक्तीवर पोस्टर रंगवता. घरी बहीण इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात पाण्याच्या रांगेत कोण उभं असतं? धाकट्याला कोण सांभाळतं? तुमच्या ताटात भाकरी कोण वाढतं? तिचा उन्हाळा व्यवस्थेनं खाल्ला म्हणता, त्यातला निम्मा तुम्ही खाल्लाय. हंडा उचला. दोन महिने. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आहे, तो तुमच्याकडंही बघतोय.

बाकीचं साधं आहे. दर रविवारी विहारात दोन तास वाचनमंडळ धरा, एक निबंध, पाच जणी. जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेचे पैसे वाचवा, त्यात दोन जुने लॅपटॉप येतात. एक उसनवारीचा निधी ठेवा : निवड झालेल्या पोरीला तिकिटाचे आणि पहिल्या महिन्याचे पैसे उसने द्यायचे, विद्यावेतन आलं की तिनं परत करायचे. जी एकदा जाऊन आली तिनं पुढच्या तिघींचे अर्ज बघायचे, मुलाखतीचा सराव घ्यायचा. हे ऐच्छिक नाही. फीच समजा.

शेवटचं सांगते. संशोधन म्हटलं की आपल्या पोरी बुजतात. ते आपलं नव्हे, असं कुणीतरी कानात सांगून ठेवलेलं असतं. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा-एक वर्षांच्या मांगाच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिला कुणी पदवी दिली नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. जगलेलं बघितलं, प्रश्न विचारला, मांडणी केली, छापलं. संशोधन म्हणजे याहून निराळं काय असतं? तीन वर्षं शिकलेली पोरगी हे करू शकली. तुम्ही पंधरा वर्षं शिकलात.

या वर्षीचे अर्ज निघतील तेव्हा इथं बसलेल्या चाळीसजणींचे चाळीस अर्ज गेले पाहिजेत. पस्तीस नाकारले जातील. जाऊ देत. ती पस्तीस नकारपत्रं जपून ठेवा, तारखेवार लावा. नकार कुणाला येतो आणि होकार कुणाला, याचा तक्ता आपणच करू. तोही संशोधनाचाच विषय आहे.

जय भीम.